जुनी गाडी गरम का होते? रेडिएटर, बोअरचं पाणी आणि ‘उष्णता’ हा पाठ



गुढीपाडवा झाला की आमच्या स्टाफरूममध्ये दोन विषय ठरलेले असतात. एक निकालपत्रकांचा आणि दुसरा गाड्यांचा. “सर, परवा गाडी गरम झाली होती. पाणी टाकलं, मग आली घरापर्यंत.” पाणी टाकलं आणि गाडी घरी आली, म्हणजे प्रश्न मिटला असं आपण धरून चालतो. मीही तसंच धरलं होतं. ती चूक मला साडेनऊ हजारांना पडली. त्याच्याआधी तर असा एक क्षण येऊन गेला होता की सगळं पैशांवर भागलं याचंच समाधान मानावं.

आपल्या जालना जिल्ह्यात अप-डाऊन करणारे शिक्षक किती आहेत हे वेगळं सांगायला नको. कुणी जालन्याहून मंठ्याकडे जातं, कुणी घनसावंगीकडे, कुणी भोकरदन-जाफराबादकडे. बसच्या वेळा जुळत नाहीत म्हणून चारजण मिळून एक सेकंडहँड गाडी घेतात. त्यात मारुती ८०० अजूनही दिसते. पहिली ८०० डिसेंबर १९८३ मध्ये ग्राहकाच्या हातात पडली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. म्हणजे आज रस्त्यावर दिसणारी सगळ्यात नवी ८०० सुद्धा दहा वर्षांच्या पुढची आहे. माझी २००४ ची, साधं मॉडेल, एसी नसलेली. पंधरा वर्षं झाल्यावर आरटीओत पासिंग करून घेतली आणि अजून वापरतोय. जुन्या गाडीची लाज वाटायचं कारण नाही, पण तिच्या पोटात काय चाललंय ते समजून घ्यायला हवं. गंमत म्हणजे त्यासाठी लागणारं जवळजवळ सगळं विज्ञान आपण आठवी ते दहावीच्या वर्गात शिकवतोच. आठवीला ‘उष्णतेचे मापन व परिणाम’ आहे, दहावीला ‘उष्णता’ आहे. फक्त फळ्यावरचं बोनेटखाली नेऊन बघायची सवय आपल्याला नसते.

राजूरच्या रस्त्यावर

मे महिन्यातली संकष्टी चतुर्थी. मी, पत्नी आणि तेव्हा दहा वर्षांचा असलेला मुलगा राजूरच्या गणपतीला निघालो. चतुर्थीला राजूरला किती गर्दी असते ते जिल्ह्यातल्या लोकांना माहीत आहे. शेवटचे दोन-तीन किलोमीटर गाड्या अक्षरशः मुंगीच्या पावलांनी चालल्या होत्या. वर ऊन मी म्हणत होतं. टेंपरेचरचा काटा कधी वर चढला ते माझ्या लक्षातच आलं नाही. बोनेटच्या फटीतून वाफ दिसली तेव्हा गाडी एका रसवंतीसमोर बाजूला घेतली.

मी बोनेट उघडलं, खिशातला रुमाल काढला आणि रेडिएटरच्या झाकणावर ठेवला. मुलगा पाण्याची बाटली घेऊन माझ्या शेजारी, त्या झाकणावर वाकून उभा होता. तेवढ्यात रसवंतीवाला ओरडला, “ओ सर, हात काढा! पोराला मागं घ्या आधी!” तो आवाज असा होता की मी खरंच हात काढला. त्याच्या भावाचा हात असाच भाजला होता, असं त्यानं नंतर रस देताना सांगितलं.

वीसेक मिनिटं थांबलो. मग मात्र मला धीर धरवला नाही. जाड फडकं घेऊन झाकण हळूहळू फिरवलं, वाफ फुसफुसत निघून गेली आणि रसवंतीवाल्याच्या जारमधलं गारेगार पाणी मी चार बाटल्या आत ओतलं. इंजिन अजून चांगलंच तापलेलं होतं. गाडी चालू झाली, दर्शन झालं, घरी आलो. प्रश्न मिटला! तीन आठवड्यांनी ऑइलची काडी ओढून बघितली तर ऑइलचा रंग दूध घातलेल्या चहासारखा. हेड वाकलं होतं, गॅसकेट गेलं होतं, पाणी ऑइलमध्ये उतरलं होतं. हेड उतरवा, लेथवर फेसिंग करा, नवीन गॅसकेट, नवीन ऑइल, मजुरी. आणि या सगळ्याचं मूळ काय निघालं? रेडिएटरच्या पंख्याचा एक रिले. दोन-अडीचशे रुपयांचा.

आता या प्रसंगातली एकेक गोष्ट उलगडून बघू.

किती उष्णता, किती पाणी?

मुलांना हे गणित जरूर द्या. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण ३३,००० किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते. ढोबळ हिशोब असा की त्यातला जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा चाकांच्या कामी येतो. तेवढाच किंवा थोडा जास्त सायलेन्सरमधून गरम धूर होऊन निघून जातो. आणि साधारण तिसरा हिस्सा, म्हणजे ११,००० किलोज्यूल, इंजिनाच्या धातूतून थंड करणाऱ्या पाण्यात जातो.

पाण्याची विशिष्ट उष्माधारकता धरा ४.२ किलोज्यूल प्रति किलो प्रति अंश. तीस अंशाचं एक लिटर पाणी उकळायला किती लागतील? जालना समुद्रसपाटीपासून सुमारे पाचशे मीटर उंचीवर असल्यानं आपल्याकडे पाणी १०० च्या थोडं आधी, ९८ अंशांच्या आसपास उकळतं. म्हणून ६८ गुणिले ४.२, म्हणजे जवळपास २८६ किलोज्यूल. आता ११,००० ला २८६ ने भागा. उत्तर येतं ३८ लिटर. दर लिटर पेट्रोलमागे अडीच बादल्या पाणी उकळीला आणता येईल एवढी उष्णता इंजिन बाहेर टाकत असतं. आणि आपल्या छोट्या गाडीत पाणी असतं किती? तीन-साडेतीन लिटर.

म्हणजे हे पाणी उष्णता साठवण्यासाठी नाहीच, वाहून नेण्यासाठी आहे. ते हमाल आहे, गोदाम नव्हे. पंप त्याला इंजिनाच्या पोटातल्या पोकळ्यांमधून ढकलतो, तिथं ते तापतं, वरच्या रबरी होजमधून रेडिएटरमध्ये येतं, बारीक नळ्यांतून उतरताना हवेला उष्णता देतं आणि खालच्या होजमधून पुन्हा इंजिनात जातं. हे चक्र काही मिनिटं जरी अडलं तरी पाणी उकळणारच, मग ते काठोकाठ भरलेलं का असेना.

इथं वहन, अभिसरण आणि प्रारण तिन्ही शिकवता येतात. धातूच्या भिंतीतून उष्णता जाते ते वहन. पाण्याबरोबर आणि हवेबरोबर जाते ते अभिसरण, तेही पंपानं आणि पंख्यानं जबरदस्तीनं घडवलेलं. ‘रेडिएटर’ हे नाव प्रारणावरून पडलं असलं तरी प्रारणाचा वाटा त्यात अगदी किरकोळ असतो. मुलांना हे सांगितलं की ती हमखास विचारतात, “मग नाव चुकीचं आहे का सर?” हो, थोडं चुकीचंच आहे म्हणायचं आणि पुढं जायचं.

माझा पंखा किती दिवस बंद होता कोण जाणे. मंठा रोडवर मी रोज साठच्या वेगानं जायचो, समोरून येणारा वाराच पंख्याचं काम करायचा. राजूरच्या रांगेत वारा थांबला आणि लपलेला दोष उघडा पडला. म्हणून पहिली खूण लक्षात ठेवा: मोकळ्या रस्त्यावर ठीक आणि गर्दीत गरम, तर आधी पंखा बघायचा. गाडी जागेवर चालू ठेवा, काट्यावर लक्ष ठेवा. काटा नेहमीच्या जागेच्या थोडा वर गेला की पंखा आपोआप घरघरला पाहिजे. नाही लागला तर लगेच गाडी बंद करा. मग फ्यूज, रिले, सेन्सर आणि शेवटी मोटर, या क्रमानं मिस्त्रीकडून तपासून घ्या. थेट नवीन रेडिएटर घ्यायला कुणी सांगितलं तर जरा थांबा.

झाकण म्हणजे कुकरची शिट्टी

रेडिएटरचं झाकण हे नुसतं झाकण नाही, हे मला पंचवीस वर्षं विज्ञान शिकवून माहीत नव्हतं. त्याच्या आत स्प्रिंग असते आणि ती आतलं पाणी दाबाखाली ठेवते. बऱ्याच छोट्या गाड्यांच्या झाकणावर ०.९ असा आकडा असतो. तो किलो प्रति चौरस सेंटिमीटरमधला जादा दाब. दाब वाढला की उत्कलनांक वाढतो, आपल्या स्वयंपाकघरातल्या कुकरसारखाच. ९८ ला उकळणारं पाणी त्या दाबाखाली ११७-११८ अंशांपर्यंत द्रवरूप राहतं. झाकणाची स्प्रिंग ढिली झाली किंवा रबर कडक होऊन चिरलं, की पाणी लवकर उकळतं आणि बाहेर पडायला लागतं. बाकी सगळं नीट असतानाही. झाकण बदलायला फार पैसे लागत नाहीत, म्हणून जुनी गाडी घेतली की मी सगळ्यांना आधी झाकण बदलायला सांगतो.

पण याच्यामुळेच ते गरम असताना उघडणं घातक आहे. हिशोब करून बघा. आत साडेतीन लिटर पाणी ११५ अंशांना आहे असं धरा. झाकण उघडलं, दाब गेला, आता त्या पाण्याला ९८ च्या वर द्रवरूपात राहता येत नाही. सतरा अंशांची जास्तीची उष्णता, म्हणजे ३.५ गुणिले १७ गुणिले ४.२, सुमारे २५० किलोज्यूल, ताबडतोब बाष्पीभवनाकडे वळते. बाष्पनाचा अप्रकट उष्मा आहे किलोला सुमारे २,२६० किलोज्यूल. म्हणजे शंभर-सव्वाशे ग्रॅम पाण्याची एका क्षणात वाफ होते. शंभर-सव्वाशे ग्रॅम ऐकायला कमी वाटतं. पण पाण्याची वाफ होताना त्याचं आकारमान सोळाशे-सतराशे पट होतं, म्हणजे जवळजवळ एक दोनशे लिटरचं टिपाड भरेल एवढी वाफ! ती एवढ्याशा तोंडातून बाहेर पडताना उरलेलं उकळतं पाणी सोबत घेऊन, थेट वाकलेल्या माणसाच्या तोंडावर येते. वाफेचा चटका उकळत्या पाण्यापेक्षा जास्त का, हा दहावीतला आवडता प्रश्न. त्वचेवर वाफेचं पाणी होताना तिच्यातला अप्रकट उष्माही त्वचेलाच मिळतो, हे त्याचं उत्तर. त्या झाकणावर माझा मुलगा वाकलेला होता.

गाडी बंद करून किमान अर्धा-पाऊण तास थांबायचं. वरच्या होजला हात लावून बघायचा, तो पिळल्यावर टणक लागला तर आत दाब आहे, अजून थांबायचं. मुलांना गाडीपासून दूर, रस्त्याच्या कडेच्याही पलीकडे उभं करायचं. बोनेट उघडण्याची घाई नको, वाफ थांबेपर्यंत तेही बंदच राहू द्या.

गार पाणी का नको?

माझ्या साडेनऊ हजारांचं उत्तर इथं आहे. या इंजिनाचं हेड अ‍ॅल्युमिनिअमचं. अ‍ॅल्युमिनिअम लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. तीस सेंटिमीटर लांबीचा तुकडा नव्वद अंशांनी तापवला तर लोखंड साधारण ०.३ मिलिमीटर वाढतं आणि अ‍ॅल्युमिनिअम ०.६ मिलिमीटर. नेहमीच्या तापमानाला गॅसकेट हा फरक सांभाळून घेतं. पण इंजिन मर्यादेबाहेर तापलेलं असताना एका बाजूनं गार पाणी शिरलं तर हेडचा एक भाग आकसतो, दुसरा तसाच ताणलेला राहतो. सपाट पृष्ठभाग वाकतो. आणि हेड किती वाकलं तर चालतं? छोट्या इंजिनांना साधारण ०.०५ मिलिमीटर, आपल्या डोक्यावरच्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी. त्याच्या पुढं गेलं की गॅसकेट धरत नाही. गरम काचेच्या ग्लासावर गार पाणी टाकल्यावर तो तडकतो, तोच हा पाठ. मी तो दरवर्षी शिकवतो, आणि तरीही चार बाटल्या ओतल्या.

वाटेत गाडी तापायला लागली, पण वाफ अजून नाही, तर एसी बंद करा, काचा खाली घ्या आणि हीटर पूर्ण चालू करा. मे महिन्यात हीटर ऐकून लोक हसतात. पण हीटर म्हणजे डॅशबोर्डच्या मागचा एक छोटा रेडिएटरच, इंजिनाची थोडी उष्णता तो आपल्या अंगावर घेतो. तेवढ्यात सुरक्षित जागा मिळाली की थांबा. काटा लाल पट्टीत गेला किंवा वाफ दिसली, की मात्र “जरा पुढच्या फाट्यापर्यंत” हा मोह नको. इंजिन तिथंच बंद.

एक विचित्र गोष्ट सांगून ठेवतो. काटा वर चढून अचानक खाली आला तर आनंद मानू नका. काटा हलवणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो. पाणीच संपलं की तो कोरडा पडतो आणि थंड असल्याचं खोटं सांगायला लागतो. त्याच वेळी इंजिन आत भाजत असतं.

बोअरचं पाणी

आता आपल्या जिल्ह्याचा खास विषय. मराठवाड्याचा हा भाग काळ्या बेसाल्ट खडकावर बसलेला आहे. बोअरचं पाणी खडकाच्या भेगांतून येताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार घेऊन येतं, म्हणून ते जड. पाणीटंचाईच्या वर्षांत तर बोअर आणि टँकर याशिवाय दुसरं पाणी कुणाला माहीतच नसतं. २०१२-१३ चा दुष्काळ आठवा. अशा जिल्ह्यात “रेडिएटरमध्ये पाणी टाक” याचा अर्थ बहुतेक वेळा “बोअरचं पाणी टाक” असाच होतो.

हे पाणी तापलं की त्यातलं विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट फुटतं, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि न विरघळणारं कॅल्शियम कार्बोनेट भिंतीवर बसतं. अंघोळीच्या पाण्याच्या रॉडवर जो पांढरा खडबडीत थर धरतो, तोच. रेडिएटरच्या नळ्या आतून अगदी अरुंद असतात, तिथं हा थर दुहेरी नुकसान करतो. वाट अडवतो आणि उष्णतेला भिंत घालतो, कारण अ‍ॅल्युमिनिअमच्या तुलनेत तो उष्णता सुमारे शंभरावा हिस्साच वाहून नेतो. थर एका दिवसात बसत नाही. दर आठवड्याला तांब्याभर पाणी टाकणाऱ्या गाडीत मात्र दर आठवड्याला नवे क्षार जात राहतात.

आणि मुळात दर आठवड्याला पाणी का टाकावं लागतं? या लेखात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: गाडीतली पाण्याची यंत्रणा बंद असते. डेझर्ट कूलरसारखं तिथलं पाणी रोज उडून जायचं काम नाही. कमी झालं म्हणजे ते कुठंतरी गेलं. होजच्या क्लिपमधून, रेडिएटरच्या चिरेतून, पंपाच्या सीलमधून, झाकणातून, किंवा गॅसकेटमधून इंजिनाच्या आत. आपण भरत राहिलो तर फक्त ते कुठं जातंय हे कळायला उशीर होतो.

सकाळी गाडी काढण्याआधी खाली फरशीवर डाग आहे का बघा, पुठ्ठा टाकून ठेवला तर आणखी चांगलं. पुढच्या पायदानाची चटई ओली आणि गोडसर वास असेल तर हीटरचा कोअर गळतोय. बाहेर कुठंच गळती नाही, तरी पाणी कमी, सकाळच्या थंड स्टार्टनंतर सायलेन्सरमधून पांढरा दाट धूर बराच वेळ, ऑइलच्या झाकणाखाली पिवळट साय, किंवा इंजिन चालू असताना पाण्यात सारखे बुडबुडे, तर गॅसकेटचा संशय घ्यायचा. हिवाळ्यात सुरुवातीला थोडी वाफ सगळ्याच गाड्यांतून निघते, तिला घाबरू नका.

आता कूलंट. “आपल्याकडे कुठं बर्फ पडतो, कूलंट कशाला?” हा प्रश्न मला प्रत्येक वेळी ऐकायला मिळतो. प्रश्न चुकीचा नाही. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल मुळात थंड देशांत पाणी गोठू नये म्हणून आलं. निम्मं पाणी आणि निम्मं ग्लायकॉल असेल तर ते उणे ३५ च्याही खाली जाईपर्यंत गोठत नाही. त्याचा आपल्याला काही उपयोग नाही. उलट निव्वळ पाणी ग्लायकॉलपेक्षा जास्त उष्णता वाहून नेतं, हेही खरं. पण कूलंटमुळे उत्कलनांक आणखी काही अंशांनी वाढतो. आणि त्याहून मोठं म्हणजे त्यात गंज रोखणारी द्रव्यं असतात. लोखंड, अ‍ॅल्युमिनिअम, पितळ, रबर हे सगळं एकाच गरम पाण्यात बुडालेलं असताना साधं पाणी त्यांना हळूहळू खातं. ही द्रव्यं कालांतरानं संपतात, म्हणून कूलंट दोन-तीन वर्षांनी, किंवा गाडीच्या पुस्तिकेत लिहिलं असेल तसं, बदलायचं. तयार मिसळलेलं घ्या, नाहीतर बॅटरीत टाकतात त्या डिस्टिल्ड पाण्यात मिसळा. हिरवं, लाल, निळं हे नुसते रंग आहेत, त्यावरून जात ओळखता येत नाही, म्हणून दोन प्रकार एकत्र करू नका. रस्त्यात अडचणीला थंड झालेल्या इंजिनात साधं पाणी टाकलं तर जगबुडी होत नाही. घरी येऊन ते काढून टाकायचं, एवढंच.

पालकांसाठी एक गोष्ट ठळकपणे सांगतो. इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे आणि चवीला गोड आहे. काढलेलं कूलंट अंगणात, गटारीत सोडू नका, सरबताच्या रिकाम्या बाटलीत तर कधीच भरून ठेवू नका. लहान मूल आणि कुत्री-मांजरं ते पिऊ शकतात. पोटात गेल्याचा नुसता संशय आला तरी लक्षणांची वाट न बघता दवाखाना गाठायचा.

वर्गासाठी एक सोपा प्रयोग. मुलांना वेगवेगळं पाणी आणायला सांगा: बोअरचं, नळाचं, आरओच्या जारचं, साठवलेलं पावसाचं. सारख्या स्टीलच्या वाट्यांत प्रत्येकी सारखंच पाणी आटवा. आटवायचं काम शिक्षकानं करायचं. वाटी गार झाल्यावर बुडाला उरलेला पांढरा थर मुलांना बोटानं चाचपू द्या, मग त्यावर लिंबू पिळा. फसफस होते ती कार्बोनेटची. आमच्या वर्गात एका मुलीनं विचारलं, “सर, मग गाडीत पावसाचं पाणी भरून ठेवायचं का?” विचार करण्यासारखा प्रश्न आहे. क्षारांच्या बाबतीत बरोबर, गंजाच्या बाबतीत अपुरा.

थर्मोस्टॅट काढून टाकावा का?

आपल्याकडच्या अनेक मिस्त्रींचा हा पहिला उपाय असतो. थर्मोस्टॅट म्हणजे मेणाची एक छोटी डबी बसवलेला झडपेचा वॉल्व्ह. थंड असताना तो रेडिएटरची वाट बंद ठेवतो. साधारण ८२ अंशांना मेण वितळून फुगतं आणि वाट उघडतं. तो बंद अवस्थेत अडकला तर गाडी सुरू करून काही मिनिटांतच तापते, आणि वरचा होज चटका देणारा गरम असताना रेडिएटरचा खालचा भाग गारच राहतो. अशा वेळी तो बदलायचा. काढून टाकला तर इंजिन नेहमीच अर्धवट गरम राहतं, पेट्रोल जास्त जातं, ऑइल नीट पातळ होत नाही आणि झीज वाढते. डिसेंबर-जानेवारीत सकाळी साडेसहाला शाळेला निघणाऱ्यांना हे लवकर कळतं. मिस्त्रीवर माझा राग नाही, वाटेत अडकलेल्या गिऱ्हाइकाला तेवढ्यापुरतं घरी पोचवायला तो उपाय चालतो. पण तो कायमचा करू नये.

चढावर किंवा वेगात तापत असेल आणि गर्दीत ठीक असेल, तर रेडिएटर आतून किंवा बाहेरून तुंबलाय, फॅन बेल्ट घसरतोय किंवा पंप थकलाय. बाहेरून तुंबणं हे आपल्याकडे जास्त. सोयाबीन-तुरीच्या मळणीची धूळ, कापसाचे तंतू, मेलेले किडे, सगळं त्या जाळीत अडकतं. थंड इंजिनावर, मंद धारेनं, आतून बाहेरच्या दिशेनं पाणी मारलं की निम्मं निघून जातं. प्रेशरच्या धारेनं जाळीची पाती वाकतात, ते टाळा. लिंबू-मिरचीची माळ बांधायची असेल तर खुशाल बांधा, एवढंच की जाळीसमोर पाच-सात वर्षांच्या माळांचा गठ्ठा नको. समृद्धी महामार्गावर जालन्याहून चढून थेट नागपूर किंवा शिर्डी गाठायचा विचार असेल, तर हे सगळं आदल्या दिवशी बघा. तिथं १२० ची मर्यादा आहे म्हणून वीस वर्षांच्या गाडीनं १२० नं गेलंच पाहिजे असं नाही. ऐंशीच्या आसपास ती खूश असते.

ऑइलबद्दल थोडक्यात. तेही इंजिन थंड ठेवतं, खासकरून पिस्टनच्या बाजूला, जिथं पाणी पोचत नाही. जुनं इंजिन थोडं ऑइल खातंच. सपाट जागेवर, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी काडी ओढायची, पुसायची, पुन्हा घालून बघायची. काळं असणं स्वाभाविक आहे, पांढरट असणं नाही.

आमच्या घरी आता दर रविवारी सकाळी, गाडी थंड असताना, हे काम मुलाकडे आहे. राजूरच्या त्या दिवसानंतर मी त्याला गाडीपासून दूर ठेवायला लागलो होतो, पण त्यानं भीतीशिवाय काहीच शिकलं नसतं. तो डब्यातल्या कूलंटची पातळी, ऑइलची खूण आणि खाली डाग आहे का, एवढं एका जुन्या वहीत तारखेसह लिहितो. रेडिएटरचं झाकण फक्त माझ्यासमोर उघडायचं, हा नियम आहे. गेल्या महिन्यात त्याच्या नोंदीत सलग दोन रविवार कूलंट एक-एक बोट कमी दिसलं. फरशी कोरडी होती. मी आपला गॅसकेटच्या धास्तीत. शेवटी त्यानंच बॅटरी घेऊन वाकून बघितलं तर खालच्या होजच्या क्लिपजवळ हिरवट वाळलेला डाग होता. गाडी चालताना गळायचं आणि गरम इंजिनावर वाळून जायचं. स्क्रू ड्रायव्हरनं दीड आटा आवळला. पुढच्या रविवारच्या नोंदीत पातळी जिथल्या तिथं आहे.